घरी कोण कोण असतं?

आम्ही शिरवळच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. गटात आम्ही बाराजणी. आजवर या रेडिओवर आम्ही पापडाच्या, शेळ्यांच्या, बँकेच्या कर्जाच्या गोष्टी सांगितल्या. आज भाड्याच्या खोलीची गोष्ट सांगायची आहे. त्यात आमची एक चूक आहे, तीही सांगणार आहोत.

शिरवळ तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी एसटीच्या खिडकीतून पाहिलं असेल. पुण्याहून साताऱ्याला येताना नीरा नदीचा पूल ओलांडला की आमचं गाव. आपल्या जिल्ह्याचं दारच म्हणा. आमच्या आजूबाजूला कारखाने झाले, एमआयडीसी आली. आता पहाटे साडेपाचला कंपन्यांच्या बसगाड्या रस्त्याला लागतात आणि डबा घेतलेली पोरंपोरी चौकात उभी असतात. कुणी बीडचं, कुणी नांदेडचं, कुणी पार बिहारचं. ही पोरं राहतात आमच्याकडं. ज्याच्याजवळ गुंठाभर जागा होती त्यानं तीन-चार खोल्या काढल्या. आमच्यातल्या कितीतरी घरांचा किराणा खोलीच्या भाड्यावर चालतो.

खोली बघायला कुणी आलं की आमचे प्रश्न ठरलेले. गाव कुठलं? कंपनी कुठली? घरी कोण कोण असतं? मग आई-वडिलांचं आधार कार्ड आणि त्यांचा फोन नंबर. तिसरा प्रश्न आम्ही सगळ्यात सहज विचारायचो. त्याचं उत्तर कुणाला देताच येणार नाही, हे कधी मनात आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आषाढात एक पोरगी आली. एकोणीस वर्षांची, पाठीला एक बॅग, हातात पिशवी. ठेकेदारामार्फत कंपनीत पॅकिंगला लागली होती. तिला विचारूनच ही गोष्ट सांगतोय. नाव घेऊ नका म्हणाली, म्हणून घेत नाही. घरी कोण कोण असतं, असं विचारल्यावर ती म्हणाली, “कुणी नाही काकू. मी बालगृहात वाढले.”

आम्ही म्हणालो, “अगं, ती खोली कालच ठरली.”

खोली ठरली नव्हती. मनात आलं ते असं, की उद्या काही झालं तर कुणाला फोन करायचा? आजारी पडली, पळून गेली, भाडं बुडवलं, तर जबाबदार कोण?

पुढच्या शुक्रवारी गटाची मीटिंग होती. आमच्यात एक सगळ्यात थोरल्या आहेत, आम्ही त्यांना अक्का म्हणतो. मुलगा नोकरीला लांब, घरात त्या एकट्या. अक्का म्हणाल्या, “माझ्याकडं एक पोरगी राहायला आलीय. आई-बाप नाहीत. आठवडाभर खोली शोधत फिरत होती म्हणं.” मग एकेक बोलायला लागली. आमच्याकडं पण आली होती. आमच्याकडं पण. बाराजणींतल्या चौघींनी त्या एकाच पोरीला परत पाठवलं होतं. एकीनं सांगितलं रंगकाम काढलंय, एकीनं सांगितलं पाव्हणे येणार आहेत. चौघींची चार निमित्तं, आणि चारही खोटी.

त्या आठवड्यात ती कुठं राहिली, ते तिनं फार पुढं सांगितलं. लाइनवरच्या एका मैत्रिणीच्या खोलीत, मालकिणीला नकळत. रात्री दहानंतर आत जायचं, पहाटे पाचच्या आत बाहेर पडायचं. दुसरी पाळी नसेल तेव्हा दिवसभर स्टँडवर बसायचं. एकोणीस वर्षांची पोरगी, सख्यांनो, आणि आमच्या गावचा स्टँड. आपली लेक असती तर आपण झोपलो असतो का?

तिच्याकडून आम्हाला पहिल्यांदा कळलं की बालगृहातून बाहेर पडणं म्हणजे काय. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत सरकार आणि संस्था त्याचं सगळं बघतात. जेवण, कपडे, शाळा, औषध. अठरा पूर्ण झाली की कायद्यानं ते मूल राहत नाही. आपल्या घरात पोराचा अठरावा वाढदिवस म्हणजे मतदानाचं कार्ड काढायचं, गाडीचं लायसन काढायचं. तिच्याकडं तो दिवस जवळ आला की पोटात गोळा यायचा. बरोबरीच्या मुली आपसात विचारायच्या, तू कुठं जाणार?

आणि कशाची सवय घेऊन ही पोरं बाहेर येतात बघा. तिला स्वयंपाक येत होता, पण साठ जणांचा. तिथं मोठ्या पातेल्यात हात चालवलेला. एकटीपुरता भात लावायला किती तांदूळ घ्यायचे, ते तिला येईना. पहिल्या दिवशी तिनं भात लावला आणि अक्कासकट शेजारच्या दोन खोल्या त्या भातावर जेवल्या. गॅसची टाकी किती रुपयांची, दळण कसं टाकायचं, एका पगारात महिना कसा काढायचा, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. आपली पोरं हे शिकतात कशी? आपल्या मागं मागं फिरून, आपण दुकानात घासाघीस करतो ते ऐकून. तिला ते ऐकायला मिळालं नव्हतं.

कंपनीचा फॉर्म भरायचा होता. त्यात पीएफचा वारस लिहायचा असतो. तिनं ती जागा मोकळी सोडली. ओळखपत्रावर लिहायला तातडीचा नंबर मागितला, तोही मोकळा. चार दिवस फॉर्म पिशवीतच राहिला. मग एका संध्याकाळी तिनं विचारलं, “अक्का, तुमचा नंबर लिहू का?” अक्का सांगतात, “मी म्हटलं लिही की. तेवढ्यात काय जातंय?” तेवढ्यात त्यांचं काहीच गेलं नाही. पण उद्या काही झालं तर फोन कुणाला करायचा, या आमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका नंबरात होतं. कुणीतरी आपला नंबर द्यायचा, एवढंच लागत होतं. जाता जाता सांगतो, ज्याला कुटुंब नाही त्याला पीएफचा वारस म्हणून आपल्या विश्वासातल्या कुणाचंही नाव देता येतं. ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मग आम्ही विचारपूस सुरू केली. अंगणवाडी ताईंना गाठलं, साताऱ्याच्या महिला व बालविकास कार्यालयात दोघी जाऊन आलो. तिथून जे कळलं ते तुम्हाला सांगतो, कारण हे गावोगाव कळायला पाहिजे.

बाल न्याय कायदा आहे, २०१५ सालचा. त्याच्या ४६ व्या कलमात लिहिलं आहे की संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणाला समाजात उभं राहण्यासाठी आर्थिक मदत द्यावी. याला आपल्याकडं अनुरक्षण म्हणतात. ही मदत एकविसाव्या वर्षापर्यंत चालते, आणि खरोखर अडचण असेल तर आणखी दोन वर्षं, म्हणजे तेविसाव्यापर्यंत. २०१६ च्या नियमांत तर असंही आहे की सहा ते आठ जणांनी मिळून राहायचं, काही काळापुरतं घर करून द्यावं. शिकत असेल तर विद्यावेतन द्यावं, नोकरी लागेपर्यंत हात द्यावा, बोलायला समुपदेशक असावा. मूल संस्थेतून बाहेर पडायच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा आराखडा तयार करून बाल कल्याण समितीपुढं ठेवायचा. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा तरुणाला महिन्याला ४,००० रुपये धरलेले आहेत आणि ते थेट त्याच्या बँक खात्यात जमा व्हायचे असतात.

म्हणजे कागदावर आहे. पण अनुरक्षणगृहं राज्यात मोजकीच, आणि मुलींसाठी तर बोटावर मोजण्याएवढी. नोकरी शिरवळला आणि राहायचं घर दुसऱ्याच जिल्ह्यात, मग त्याचा उपयोग काय? शिवाय कितीतरी पोरांना हा हक्क ठाऊकच नसतो. आमच्या पोरीला ठाऊक नव्हता. ती बाहेर पडली तेव्हा हातात दाखले आणि कपडे एवढंच होतं.

मग राहतो कोण? आपण राहतो. खोल्या आपल्याकडं आहेत.

आम्ही काय केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही. आमच्याकडं खोलीला दहा हजार डिपॉझिट घेतात. एवढे पैसे तिच्याजवळ कुठले? बापाकडून आणायची सोय नाही. अक्कांनी स्वतःच्या नावावर गटातून पाच हजार उचलले, बाकीचे सोडून दिले. पोरीनं महिन्याला पाचशे करून दहा महिन्यांत फेडले, एकही हप्ता चुकवला नाही. भाड्याचा करार रीतसर केला. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली. दया म्हणून कागद टाळायचे नाहीत, कारण तो करार तिच्याही उपयोगाचा. पत्ता बदलायला लागतो, बँकेला लागतो.

आमच्याकडून चुका पण झाल्या. सुरुवातीला अक्का फारच मागं लागायच्या. कुठं गेली होतीस? कुणाचा फोन होता? उशीर का झाला? पोरगी गप्प झाली, रविवारचं जेवायला यायची ती यायची बंद झाली. विचारलं तर म्हणाली, “अक्का, चौदा वर्षं मी विचारून दार उघडलंय. आता मला माझी किल्ली पाहिजे.” तेव्हा कळलं, आपण मायेच्या नावाखाली दुसरं बालगृहच उघडलं होतं. आता एवढंच ठरलंय, रात्रपाळी असेल तर मेसेज टाकायचा. तो ती न सांगता टाकते.

दुसरी गोष्ट, स्थळांची. पोरीला आई-बाप नाहीत हे कळलं मात्र, महिन्याभरात तीन स्थळं आली. एक तर चाळिशीतला, पहिली बायको सोडलेली. काय म्हणाले माहीत आहे? हुंडा नको, काही नको, पोरीनं फक्त नांदायचं. हुंडा नको म्हणजे मोठेपणा नव्हता तो. उद्या मारहाण झाली तर विचारायला येणारं कुणी नाही, हा हिशेब होता. अक्कांनी तिघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. लग्न करायचं की नाही, कधी, कुणाशी, ते ती ठरवेल. पण तिच्या मागं उभं राहणारं माणूस आहे, एवढं लोकांना दिसायला हवं.

आणि दिवाळी. आमच्याकडं दिवाळीत कंपन्यांना सुट्टी लागते. पोरं बॅगा भरून गावी जातात, सगळ्या चाळींना कुलपं लागतात. त्या पहिल्या दिवाळीत अक्का मुलाकडं गेल्या होत्या. आम्हाला वाटलं, पोरगी कुणा मैत्रिणीकडं गेली असेल. भाऊबीजेच्या संध्याकाळी आमच्यातली एक तिकडून चालली होती, तर सगळ्या अंधाऱ्या खोल्यांत एका खोलीत दिवा. ती चार दिवस एकटी होती. मेस बंद, दुकानं अर्धी बंद. बिस्किटं आणि भात खाऊन काढले. म्हणाली, “सणाचं कुणाच्या घरी कसं जायचं? बोलावलं तर पाहिजे ना.” त्या दिवशी आम्हाला फार लागलं. तेव्हापासून आमच्या गटाचा नियम आहे. दिवाळीच्या आधी प्रत्येकीनं आपल्या भाडेकरूंना विचारायचं, कुठं जाणार आहेस. कुणी अडखळलं की त्याला जेवायला बोलवायचं, आणि वार सांगून बोलवायचं. “ये कधीतरी” असं म्हटलं तर ही पोरं येत नाहीत.

गेल्या वर्षी असेच दोन मुलगे आले. एक चांगला टिकला, आयटीआय करतोय. दुसरा दोन महिन्यांचं भाडं न देता गेला. नुकसान झालं, खोटं कशाला बोलू? घरातूनही बोलणी खाल्ली. पण दोन्ही आई-बाप धडधाकट असलेली पोरंही भाडं बुडवून गेलेली आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यामुळं आम्ही बाकीच्या पोरांना खोल्या द्यायच्या बंद केल्या नाहीत.

सख्यांनो, शिरवळपासून नायगाव जवळच. आमच्याच खंडाळा तालुक्यात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला आम्ही दरवर्षी जातो. मुलींची शाळा सगळ्यांना आठवते. पण जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसलेल्या विधवांना सुखरूप बाळंत होता यावं म्हणून. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं, ते यशवंत. त्याला नुसतं वाढवलं नाही. शिकवून डॉक्टर केलं, त्याचं लग्न लावलं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना उचलून आणत होत्या आणि यशवंत औषधपाणी करत होता. त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. यशवंत तेव्हा तेविशीच्या आसपास होता. शेवटपर्यंत ती माय त्याच्याबरोबर उभी होती.

आपल्या साताऱ्यातच कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची गरीब पोरं एका छपराखाली. त्या पोरांना जेवण कमी पडू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. नदीपलीकडं, सासवडजवळच्या कुंभारवळणला सिंधुताई सपकाळांचं घर आहे. माईंकडं अठरा झालं की बाहेर, असं नव्हतं. पोरं शिकायची, नोकरीला लागायची, लग्नं तिथूनच व्हायची. लेकी सणाला तिथंच माहेरी यायच्या. तिकडं अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. त्यांची मुलं दिव्यांग, टाकून दिलेली. त्यांना अठरानंतर पाठवायचं कुठं, म्हणून बाबांनी शेकडाभर मुलांना आपलं नाव दिलं आणि त्यांना कायम सांभाळता यावं असा कायदा करा म्हणून वर्षानुवर्षं सरकारकडं मागणं लावलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लांब इंग्लंडातही २०१४ साली कायदा झाला, की पालक कुटुंबात वाढलेल्या मुलाची आणि त्या कुटुंबाची इच्छा असेल तर त्यानं एकविसाव्या वर्षापर्यंत तिथंच राहावं. अठरा हे वय कागदाचं आहे, हे सगळीकडंच कळलेलं आहे.

आता जरा आपल्या घरात बघू. बालगृहातलीच पोरं नाहीत. आपल्या वाड्यावस्त्यांवर आजीकडं, मामाकडं, चुलत्याकडं वाढणारी कितीतरी मुलं आहेत. त्यांना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अठरा झाली की ते बंद होतात. मग त्याच महिन्यात घरात कुजबूज सुरू होते, आता कामाला लाव, आता उजवून टाक. कोरोनात दोन्ही आई-बाप गेलेल्या मुलांसाठी केंद्राची पीएम केअर्स योजना झाली. त्यात अठरापासून तेविसाव्या वर्षापर्यंत दरमहा मदत आणि तेवीस पूर्ण झाल्यावर दहा लाख, असं ठेवलंय. म्हणजे ही पाच वर्षं कठीण असतात, हे सरकारलाही मान्य आहे. तुमच्या गावात असं मूल सतरा वर्षांचं असेल तर आत्ताच चौकशीला लागा. अठरा होईपर्यंत थांबू नका.

चौकशी कुठं करायची? अंगणवाडी ताईंना विचारा. गावात बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे प्रमुख असतात. जिल्ह्याला बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती असते. मुलांसाठीचा फोन १०९८, तो फुकट लागतो. ज्याला दोन्ही आई-बाप नाहीत त्यानं महिला व बालविकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र काढावं. २०१८ पासून आपल्या राज्यात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. त्यासाठी अमृता करवंदे या अनाथाश्रमातच वाढलेल्या मुलीनं आवाज उठवला होता. पण हातात प्रमाणपत्र नसेल तर त्या आरक्षणाचा उपयोग होत नाही.

आणि ज्यांच्याकडं खोल्या आहेत, त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे. करार करा, पोलिसांत माहिती द्या, भाडं घ्या. पण आई-वडिलांचं आधार कार्ड नाही म्हणून पोराला दारातून परत पाठवू नका. त्याच्या संस्थेचा नंबर घ्या, कंपनीचा घ्या. डिपॉझिट हप्त्यानं घ्या. खोलीला आतून नीट कडी आहे का, बोळात दिवा आहे का ते बघा. आणि गटातल्या एकीनं तरी आपला फोन नंबर त्याच्या ओळखपत्रावर लिहू द्यावा.

आमची पोरगी आता एकवीस वर्षांची आहे. कंपनीत मशीनवर गेली, रात्री बारावीचा अभ्यास करते. मागच्या महिन्यात अक्कांना ताप भरला, तर पाळी बुडवून तीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथं नर्सनं केसपेपर लिहिताना विचारलं, “बरोबर कोण?”

ती म्हणाली, “मी आहे. माझाच नंबर लिहा.”

बरं मैत्रिणींनो, येतो आता. तुमच्या गावात असं कुणी सतरा-अठरा वर्षांचं असेल तर गटाच्या पुढच्या मीटिंगला तो विषय नक्की घ्या. नमस्कार.